जुना डायनर वाचवताना : छपरापासून चुलीपर्यंत

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत हमरस्त्याच्या कडेला, कापडगिरणीच्या फाटकासमोर किंवा गावातील मुख्य चौकात उभे असलेले, रेल्वेच्या डब्यासारखे लांबट, बाहेरून चकाकत्या पोलादाने अथवा रंगीत इनॅमलच्या पत्र्यांनी मढवलेले आणि आत एका लांब काउंटरसमोर गोल स्टुलांची रांग मांडलेले छोटे उपाहारगृह ‘डायनर’ या नावाने ओळखले जाते. असे उपाहारगृह जागेवर बांधले जात नसे. ते कारखान्यात आतल्या कपाटांसह सज्ज होऊन ट्रकवर किंवा रेल्वेच्या सपाट वाघिणीवर लादले जाई आणि आधीच तयार ठेवलेल्या जोत्यावर आणून बसवले जाई. जुना डायनर विकत घेऊन तो वाचवू पाहणाऱ्या व्यक्तीने वा संस्थेने ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते, कारण अशा वास्तूच्या जतनातील बहुतेक अडचणी, तसेच काही सोयीही, ती अर्धी इमारत आणि अर्धे वाहन असल्यामुळे निर्माण होतात.

प्रस्तुत लेखाचा भर कामाच्या क्रमावर आहे. हौशी खरेदीदार बहुधा निऑनची पाटी आणि स्टुलांवरचे नवे लाल आच्छादन यांपासून सुरुवात करतो, आणि हाती असलेला पैसा संपतो तेव्हा छत गळतच असते. ज्या गोष्टी छायाचित्रात दिसत नाहीत त्या आधी आणि ज्या दिसतात त्या शेवटी, हा क्रम पाळला तर मर्यादित पैशातही डायनर तग धरतो.

ओळख पटवणे

या वास्तुप्रकाराचा उगम घोडागाडीत आहे. ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात १८७२ मध्ये वॉल्टर स्कॉट याने रात्रपाळी करणाऱ्यांना गाडीतून खाद्यपदार्थ विकण्यास आरंभ केला, आणि १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे सॅम्युअल जोन्स याने गिऱ्हाइकाला आत येऊन उभ्याने खाता येईल अशी गाडी रस्त्यावर आणली. पुढे गाडी एका जागी स्थिरावली, काउंटर आणि स्टुले आली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तिचे उत्पादन करणारे कारखाने उभे राहिले. त्यामुळे डायनर म्हणजे मोडीत काढलेला रेल्वेचा डबा, ही लोकप्रिय समजूत बहुतेक उदाहरणांत चुकीची ठरते. जुन्या ट्रामगाड्यांचे रूपांतर करून थाटलेली काही उपाहारगृहे होती हे खरे, परंतु त्यांचा सांगाडा निराळा असतो आणि त्यांच्या दुरुस्तीची रीतही निराळी असते. म्हणून खरेदीपूर्वी जमिनीखालची चौकट पाहून वास्तू नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे ठरवून घ्यावे.

त्यानंतर उत्पादक आणि वर्ष शोधावे. वूस्टर लंच कार कंपनीने १९०६ ते १९५७ या काळात ६५१ डायनर बनवले आणि त्यांना २०० पासून ८५० पर्यंत अनुक्रमांक दिले. त्यामुळे क्रमांक हाती लागला की गाडीचा काळ बऱ्याच अचूकपणे सांगता येतो. न्यू जर्सी राज्यातील पॅटरसन येथील पॅटरसन व्हेइकल कंपनी आपले डायनर ‘सिल्क सिटी’ या नावाने विकत असे, आणि तिच्या चार आकडी क्रमांकातील पहिले दोन अंक सामान्यतः वर्ष दाखवतात, तर उरलेले दोन त्या वर्षातील गाडीचा क्रम दाखवतात. त्याच राज्यात जेरी ओमाहोनी, फोडेरो आणि माउंटन व्ह्यू हेही नामांकित उत्पादक होते. मॅसॅच्युसेट्समधील मेरिमॅक येथे जे. बी. जडकिन्स कंपनीने दुसऱ्या महायुद्धापूर्वी ‘स्टर्लिंग’ मालिकेतील वेगवान आगगाडीच्या आकाराचे डायनर बनवले; आणि दूर कॅन्ससमधील विचिटा येथे व्हॅलेंटाइन कंपनीने आठ-दहा स्टुलांचे, एकदोन माणसांनी चालवता येतील असे चिमुकले नमुने तयार केले, ज्यांपैकी काहींत दाराजवळ हप्त्याची रक्कम टाकण्यासाठी बसवलेली छोटी तिजोरी आजही सापडते. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना रविवारच्या न्याहारीसाठी परिचित असलेले कित्येक डायनर याच कारखान्यांच्या परंपरेतले आहेत, जरी नंतरच्या मालकांनी त्यांवर विटांचे दर्शनी भाग आणि उतरती छपरे चढवल्यामुळे ते सहसा ओळखू येत नाहीत.

क्रमांकाची पट्टी हरवलेली असेल तर खिडक्यांची चौकट, काउंटरच्या मागील कपाटांची मागची बाजू आणि छताच्या पट्ट्या काढण्याची वेळ येईल तेव्हा त्यांच्या उलट्या बाजू तपासाव्यात. गावातील जुनी पोस्टकार्डे, नगरपालिकेचे बांधकाम परवाने, आणि विमा कंपन्यांसाठी सॅनबर्न या संस्थेने काढलेले नकाशे, ज्यांत प्रत्येक इमारतीचा आकार व बांधकामाचा प्रकार रंगांनी दाखवलेला असे, ही साधनेही उपयोगी पडतात. एकही स्क्रू काढण्यापूर्वी आतून-बाहेरून क्रमाने छायाचित्रे घ्यावीत आणि मोजमापांसह आराखडा काढावा. हे काम कंटाळवाणे असले तरी पुढे सुट्या झालेल्या शेदोनशे पट्ट्यांपैकी कोणती कोठली हे ठरवताना त्यावाचून गत्यंतर नसते.

कोणत्या काळाकडे परतायचे

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यान सेवा, जी ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचे निकष ठरवते, चार वेगवेगळ्या मार्गांत फरक करते : आहे त्या स्थितीत टिकवणे म्हणजे जतन, ऐतिहासिक वैशिष्ट्ये राखून आजच्या वापरासाठी सज्ज करणे म्हणजे पुनरुपयोजन, एका ठरावीक काळातील रूप परत आणणे म्हणजे पूर्ववत्करण, आणि नष्ट झालेली वास्तू पुराव्यांच्या आधारे नव्याने उभारणे म्हणजे पुनर्रचना. चालत्या उपाहारगृहाला बहुधा दुसरा मार्ग लागू पडतो. त्यासाठीच्या दहा निकषांपैकी तीन डायनरच्या मालकाने पाठच करावेत असे आहेत. काळाच्या ओघात झालेल्या ज्या बदलांना स्वतःचे महत्त्व प्राप्त झाले आहे ते राखावेत. झिजलेला भाग बदलण्यापेक्षा दुरुस्त करावा. आणि वाळूचा मारा करून साफ करण्यासारखे, मूळ पदार्थाला इजा करणारे उपाय योजू नयेत.

यांतील पहिल्या निकषाचा भंग सर्वांत जास्त होतो. १९३० च्या दशकातील वूस्टर डायनर आतून ओकच्या लाकडाने, फरश्यांनी आणि संगमरवरी काउंटरने सजलेला, काहीसा गंभीर असा असे. त्याला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची जमीन, गुलाबी प्रकाश आणि रॉक-अँड-रोल गायकांची चित्रे लावून ‘पन्नाशीच्या दशकाचा’ केला जातो, तेव्हा मालकाला जुनेपणाची हौस भागल्याचे समाधान मिळते आणि वास्तूचे खरे वय पुसले जाते. उलट, १९४१ च्या गाडीत १९५० नंतर कोणी बाके आणि टेबले बसवली असतील, तर ती केवळ ‘मूळची नाहीत’ म्हणून उखडून टाकणेही चूकच होय, कारण गावातील दोन पिढ्या त्याच बाकांवर बसलेल्या असतात. दर्शनी भागावर नंतर चढवलेल्या विटांच्या आवरणाचा निर्णय मात्र त्यामागे काय शिल्लक आहे हे एखाद्या कोपऱ्यात उकलून पाहिल्याशिवाय घेऊ नये. पुष्कळदा मूळचे पत्रे आत शाबूत असतात, आणि कधीकधी खिळ्यांच्या माऱ्याने त्यांची चाळण झालेली असते.

पाण्याचा माग

डायनरचा खरा शत्रू पाणी आहे, आणि ते आत कसे शिरते हे बारकाईने समजून घेतले पाहिजे. जुन्या डायनरचे छत बहुधा मधोमध फुगीर असून दोन्ही कडांना वळून भिंतीवर उतरते. या वळणाच्या टोकाशी, जेथे छताचे आवरण संपून भिंतीचा पत्रा सुरू होतो, तेथील सांध्यात भरलेला लुकणासारखा पदार्थ काही दशकांत सुकून तडकतो. पाणी तेथून पत्र्याच्या मागे जाते, भिंतीच्या पोकळीतून खाली ओघळते आणि तळाशी असलेल्या पट्टीमुळे बाहेर पडायला वाट न मिळाल्याने तळतुळईवर, म्हणजे भिंतींचा सगळा भार जिच्यावर उतरतो त्या आडव्या लाकडावर, साचून राहते. बाहेरचे इनॅमल किंवा पोलाद या सर्व काळात चकचकीतच असते. म्हणून भिंत पाहून डायनर पारखू नये. पत्र्यांच्या उभ्या सांध्यांखाली आणि स्क्रूंच्या डोक्यांखाली तपकिरी ओघळ आहेत का, हे पाहावे. बाहेरच्या तळपट्टीचा एक तुकडा काढून तुळईत टोचा घालून पाहावा, आणि तो विनासायास आत गेला तर त्या बाजूची संपूर्ण तुळई तपासावी.

आतील खूण अधिक फसवी असते. स्टूल डुगडुगत असेल तर विकणारा सांगतो की स्क्रू सैल झाला आहे. स्टुलाचा लोखंडी खांब जमिनीच्या फरशीतून आरपार जाऊन खालच्या लाकडात बोल्टाने आवळलेला असतो, आणि रोज रात्री फडक्याने जमीन पुसताना मुरलेले पाणी नेमके त्याच भोकांतून खाली उतरते. त्यामुळे सलग तीन-चार स्टुले हलत असतील तर स्क्रूऐवजी त्यांखालची जमीन कुजली आहे असे समजावे आणि खालच्या पोकळीत उतरून विजेरीने खात्री करावी. काउंटरच्या दोन्ही टोकांची आणि सिंकच्या खालची जागा याच कारणाने संशयास्पद मानावी.

गळतीचे ठिकाण सापडत नसेल तर पाण्याच्या नळीने चाचणी घेता येते. नळी खालून सुरू करून वर सरकवत न्यावी, प्रत्येक उंचीवर काही मिनिटे धरावी आणि एका व्यक्तीने आत थांबून पहिला थेंब कोठे दिसतो ते पाहावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि काहीच निष्पन्न होत नाही. छताची दुरुस्ती झाल्यावरच तुळईला हात घालावा. कुजलेला भाग कापून त्याच जातीच्या वा तितक्याच मजबूत लाकडाचा तुकडा तिरकस सांध्याने जोडावा, आणि त्यासाठी जॅकने भिंत उचलताना एका वेळी अत्यंत थोडी, निरनिराळ्या ठिकाणी आळीपाळीने उचलावी, कारण लाकूड वाकते पण त्यावरचे इनॅमल वाकत नाही. भिंतीच्या पोकळीत फवारून फुगणारा फोम भरण्याचा सल्ला उष्णता वाचवण्याच्या नावाखाली हमखास दिला जातो. तो मानू नये. फोम पाणी अडकवून धरतो आणि नंतर काढता येत नाही.

याच टप्प्यावर आरोग्याला घातक पदार्थांची तपासणी करून घ्यावी. नऊ इंची चौरस लाद्या आणि त्यांखालचा काळा चिकट पदार्थ यांत ॲसबेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते, आणि घरगुती वापराच्या रंगांत शिसे घालण्यावर अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली असल्याने त्याआधीचा रंग शिसेयुक्त असू शकतो. चाचणीचा निकाल हाती येईपर्यंत घासणे, खरवडणे आणि फोडणे बंद ठेवावे.

इनॅमल, पोलाद आणि काच

डायनरवरील ‘पोर्सेलिन इनॅमल’ हा रंग नसून पोलादी पत्र्यावर सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमानाला भट्टीत वितळवून बसवलेला काचेचा थर असतो. महाराष्ट्रातील जुन्या घरांवर दिसणाऱ्या निळ्या-पांढऱ्या नंबरपाट्या याच तंत्राने बनत. हा थर ऊन-पावसाने फिका पडत नाही, परंतु आघाताने त्याचा टवका उडतो, उघड्या पडलेल्या पोलादाला गंज चढतो, आणि गंज फुगत जाऊन कडेचे आणखी इनॅमल उचलतो. म्हणून लहानसा टवकाही तसाच ठेवू नये. तेथील गंज हलक्या हाताने काढून गंजरोधक द्रव्य लावावे, खळगा इपॉक्सीने भरावा आणि मिळत्याजुळत्या रंगाचा कठीण लेप द्यावा. ही दुरुस्ती जवळून पाहिल्यास दिसते, आणि दिसली तर काही बिघडत नाही. पत्रा काढून पुन्हा भट्टीत भाजण्याचा मोह टाळावा, कारण त्यात डायनरचे नाव मिरवणारी मूळ अक्षरेच नाहीशी होतात. पत्रा परत बसवताना स्क्रूखाली मऊ चकती घालावी आणि स्क्रू शेवटपर्यंत पिळू नये. निम्मे टवके अपघाताने उडत नसून मिस्त्रीच्या जोरामुळे उडतात. दिवा किंवा सूचनाफलक लावण्यासाठी इनॅमलला नवे भोक पाडण्यापेक्षा सांध्यातील पट्टीचा आधार घ्यावा.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या डायनरवर स्टेनलेस पोलादाचे प्रमाण वाढले. त्यावर किरणांसारख्या रेषा किंवा गादीच्या शिवणीसारखी चौकट उमटवलेली असते. ते गंजत नाही या विश्वासाने त्याच्यावर अत्याचार होतात. साध्या तारेच्या घासणीने घासल्यास लोखंडाचे कण पृष्ठभागात रुतून तेच गंजतात आणि पोलाद खराब झाल्याचा भास होतो. फरशी साफ करण्यासाठी वापरले जाणारे हायड्रोक्लोरिक ॲसिड, तसेच हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ, पोलादावर बारीक खड्डे पाडते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि नायलॉनची घासणी एवढे पुरते, आणि पुसताना पोलादावरील मूळ रेघांच्या दिशेनेच पुसावे. हिवाळा संपताच तळाचा दोन फुटांचा पट्टा साध्या पाण्याने धुण्याची सवय ठेवली तर पुढचा मोठा खर्च वाचतो. चेपलेला पत्रा मागून हळूहळू ठोकून सरळ करणारे कारागीर जुन्या मोटारींच्या धंद्यात सापडतात. इमारतींचे ठेकेदार तो थेट बदलण्याचे अंदाजपत्रक देतात.

आतील जमीन छोट्या चिनीमातीच्या फरश्यांची असते किंवा टेराझोची, म्हणजे संगमरवराच्या कपच्या सिमेंटमध्ये घालून घासून गुळगुळीत केलेली, जिला मराठीत सर्रास मोझॅइक म्हटले जाते. फुटलेल्या फरशांची जागा भरताना काउंटरच्या मागील किंवा उपकरणांखालच्या मूळ फरशा काढून दर्शनी भागात लावाव्यात आणि नव्या फरशा लपलेल्या जागी घालाव्यात. निऑनची पाटी ही विजेची आणि काचेची जोखमीची जोडगोळी आहे : तिच्या ट्रान्सफॉर्मरचा दाब १५,००० व्होल्टपर्यंत असू शकतो, आणि लाल-नारिंगी सोडून इतर रंगांच्या नळ्यांत बहुधा पारा असतो. नळी वाकवणारा जाणकार कारागीर मिळेपर्यंत ती उतरवून खोक्यात बंद ठेवावी. तिच्या जागी एलईडीची नक्कल लावणे स्वस्त पडते खरे, पण तो प्रकाश सपाट असतो आणि जाणणाऱ्याला रस्त्यापलीकडून कळतो.

हलवावे की नाही

डायनर उचलून नेता येतो, म्हणून तो न्यावाच असे नाही. जमीनमालकाला जागा हवी असेल, रस्ता रुंद होत असेल किंवा पाडकामाची तारीख ठरली असेल, तरच हलवण्याचा विचार करावा. तसे झाल्यास परंपरा मात्र हलवण्याच्या बाजूने आहे. ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथील ‘मॉडर्न डायनर’ हा स्टर्लिंग मालिकेतील नमुना १९७८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत समाविष्ट झालेला पहिला डायनर होय, आणि पुढे १९८० च्या दशकात तो त्याच शहरात दुसऱ्या जागी नेण्यात आला. व्हरमाँटमधील ‘मिस बेलोज फॉल्स डायनर’ मुळात मॅसॅच्युसेट्समधील लॉवेल येथे होता आणि १९४० च्या दशकात आजच्या गावी आला. मिनेसोटातील सेंट पॉल येथील ‘मिकीज डायनर’ न्यू जर्सीच्या ओमाहोनी कारखान्यातून रेल्वेने आला आणि १९३९ मध्ये सुरू झाला.

दूरवर नेताना नव्या जागेचे हवामान तपासले पाहिजे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधील ‘मूनडान्स डायनर’ २००७ मध्ये वायोमिंगमधील लाबार्ज या छोट्या गावी नेला गेला, आणि पहिल्याच हिवाळ्यात बर्फाच्या भाराने त्याच्या छताचा भाग कोसळला. छत किती बर्फ पेलू शकते याची आकडेमोड संरचना अभियंत्याकडून करून घेणे आणि ते बळकट होईपर्यंत त्यावर तात्पुरते आच्छादन उभारणे हा खर्च वाहतुकीच्या अंदाजपत्रकातच धरावा.

वाहतुकीचे तंत्र प्रौढ आहे, पण त्याची तयारी दीर्घ असते. अमेरिकी महामार्गांवर साधारणपणे साडेआठ फुटांहून रुंद भाराला विशेष परवाना लागतो, आणि बहुतेक डायनर त्याहून रुंद असल्यामुळे मार्गावरील प्रत्येक राज्याचा परवाना, पुढे-मागे सोबतीची वाहने, पुलांची उंची आणि विजेच्या तारा यांचा हिशेब आधी करावा लागतो. गाडीखालून पोलादी तुळया सरकवून ती जॅकने सर्व बाजूंनी सारखी उचलली जाते. त्यापूर्वी आत लाकडी कैच्या लावून भिंती जखडाव्यात, काचा आणि संगमरवर उतरवावेत, आणि फरशीची जमीन तडकणारच हे गृहीत धरून तिचे तपशीलवार छायाचित्रण करावे. महायुद्धानंतरचे मोठे डायनर दोन किंवा अधिक भागांत येऊन जागेवर जोडले जात. अशा वेळी कारखान्याचा मूळ सांधा शोधून तेथेच ते विलग करावेत, वाटेल तेथे करवत चालवू नये. नव्या जागेचे जोते, सांडपाण्याची जोडणी आणि विजेचा भार मंजूर झाल्याशिवाय जुन्या जागेवरून डायनर उचलू नये. ‘सध्या शेतात ठेवू, जागा मिळाली की पाहू’ असे म्हणून ठेवलेला डायनर तापवलेला नसतो, त्याच्याकडे कोणी फिरकत नाही, आणि दोन-तीन हिवाळ्यांत त्याचे भाग विकण्याची वेळ येते.

कायदा आणि पैसा

राष्ट्रीय नोंदवहीत नाव असणे म्हणजे संरक्षण, हा समज दूर करणे आवश्यक आहे. खाजगी मालक स्वतःच्या पैशाने नोंदणीकृत वास्तू पाडू लागला तर ही नोंद त्याला अडवत नाही. अडवू शकतो तो स्थानिक नगरपालिकेचा वारसा-नियम, म्हणून त्या यादीतही नाव घालून घ्यावे. पूर्वपरवानगीविना वास्तू हलवल्यास तिचे नाव नोंदवहीतून आपोआप गळते, त्यामुळे राज्याच्या ऐतिहासिक जतन कार्यालयाशी पत्रव्यवहार क्रेन ठरवण्यापूर्वी व्हावा. सामान्यतः हलवलेल्या वास्तू नोंदणीस अपात्र मानल्या जातात, परंतु हलवण्यासाठीच बनवलेल्या वास्तुप्रकाराच्या बाबतीत हा आक्षेप तर्कशुद्ध मांडणीने दूर करता येतो.

नोंदणीचा खरा लाभ करात आहे. उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतीच्या मान्यताप्राप्त पुनरुपयोजनावर झालेल्या पात्र खर्चाच्या २० टक्के रक्कम मालकाच्या संघीय आयकरातून वजा होते. २०१७ च्या अखेरीस झालेल्या कायद्यानंतर ही वजावट पाच वर्षांत विभागून मिळते. तिच्या अटी डायनरला चटका लावणाऱ्या आहेत. सवलत केवळ इमारतींना आहे, जहाजे आणि रेल्वेचे डबे तिला पात्र नाहीत, म्हणून डायनर कायमच्या जोत्यावर उभा असल्याचे कागदोपत्री सिद्ध असावे. खरेदी, वाहतूक, नव्याने जोडलेला भाग आणि सुटी उपकरणे यांवरील खर्च धरला जात नाही. आणि सामान्यतः २४ महिन्यांच्या कालावधीतील पात्र खर्च इमारतीच्या हिशेबी मूल्याहून किंवा ५,००० डॉलरहून, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्याहून, अधिक असावा लागतो. अर्ज तीन टप्प्यांचा असून दुसऱ्या टप्प्यात प्रस्तावित कामाचे वर्णन मंजूर करून घ्यावे लागते. काम उरकून मग अर्ज करणाऱ्याच्या पदरी बहुधा नकार पडतो. पाच वर्षांच्या आत वास्तू विकल्यास सवलतीचा काही भाग परत करावा लागतो. या सर्व बाबींसाठी ऐतिहासिक इमारतींचा अनुभव असलेला सनदी लेखापाल पहिल्या दिवसापासून सोबत असावा.

चूल पुन्हा पेटवताना

संग्रहालयात गेलेला डायनरही शेवटी स्वयंपाकानेच जिवंत वाटतो. मिशिगनमधील हेन्री फोर्ड संग्रहालयाने १९४६ साली बनलेला ‘लॅमीज डायनर’ हा वूस्टर नमुना १९८४ मध्ये मिळवला. तो काही दशके केवळ प्रदर्शनवस्तू होता आणि २०१२ मध्ये तेथे खाद्यपदार्थ मिळू लागले. मूळ रचनेत तवा काउंटरच्या मागे, गिऱ्हाइकांसमोर असे. आजचे अग्निसुरक्षा नियम तुपट वाफ निर्माण करणाऱ्या उपकरणावर मोठे धूरवाहक छत्र आणि स्वयंचलित अग्निशमन यंत्रणा मागतात, आणि ते छत्र जुन्या डायनरच्या बुटक्या छतात बसवायचे तर छत कापावे लागते. यावर रूढ आणि शहाणपणाचा तोडगा असा की मागील बाजूस नवी, साधी, वेगळी ओळखू येणारी जोडवास्तू उभारून जड स्वयंपाक, शीतकोठी आणि प्रसाधनगृह तेथे न्यावे, आणि समोर कॉफी, टोस्ट व अंडी एवढेच हलके काम ठेवून गिऱ्हाईक आणि स्वयंपाकी यांची समोरासमोरची गाठ कायम राखावी. १ : १२ उताराची रॅम्प आणि चाकाच्या खुर्चीसाठी ३२ इंचांची मोकळी वाट याच भागातून दिली तर मूळचे अरुंद सरकते दार तसेच राहते. काउंटरचा एक भाग ३४ इंचांहून खाली आणावा लागला तर मूळ संगमरवर न कापता टोकाला वेगळा फळा जोडावा.

बहुतेक वेळा वास्तूची मालकी एखाद्या संस्थेकडे राहते आणि उपाहारगृह चालवणारा भाडेकरू असतो. अशा भाडेकरारात ‘वास्तू चांगली ठेवावी’ एवढे मोघम वाक्य निरुपयोगी आहे. कोणत्या पृष्ठभागांना भोक पाडायचे नाही, कोणते सफाईद्रव्य वापरायचे नाही, धूरनळीतील तेलकट थर किती दिवसांनी आणि कोणाच्या खर्चाने काढायचा, हिवाळ्यात धंदा बंद ठेवल्यास आतले तापमान किती राखायचे, हे कलमवार लिहावे. दुरुस्तीत काढलेल्या मूळ पट्ट्या, मुठी-कड्या, फरशा आणि दिवे क्रमांकाची चिठ्ठी लावून जोडवास्तूच्या माळ्यावर कोरड्या जागी ठेवावेत, आणि त्यांची यादी, सुरुवातीच्या छायाचित्रांच्या एका प्रतीसह, करारालाच परिशिष्ट म्हणून जोडावी, म्हणजे भाडेकरू बदलला तरी त्या खोक्यांत काय आहे ते पुढच्याला ठाऊक राहते.